पाणी कुठून घेऊ?

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत तिथीने मोजले तर वीस दिवस होतात. पाऊस नुकता उघडलेला असतो, भिंतीतली ओल पुरती सुकलेली नसते, आणि नेमक्या याच दिवसांत घराघरांतून एकच घाई सुरू होते: दिवाळीच्या आत रंग झाला पाहिजे. रंगाऱ्याचा फोन लागत नाही. लागला तर ‘परवा येतो’ म्हणतो, कारण त्याने तीन घरं एकदम धरलेली असतात. एका घरात पुट्टी सुकत असते, दुसऱ्यात घासकाम चाललेलं असतं आणि तिसऱ्यात प्रायमरचा हात द्यायचा असतो. पुण्या-मुंबईत हे काम करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण उत्तर प्रदेश-बिहारकडचे. दिवाळीला त्यांनाही घर गाठायचं असतं आणि त्यानंतर कार्तिक शुद्ध षष्ठीला छठ असते. रेल्वेची तिकिटं केव्हाच संपलेली असतात. आपली दिवाळी आणि त्यांची दिवाळी अशी एकाच भिंतीपाशी येऊन अडते.

पूर्वी हे काम घरातलेच लोक उरकत. चुनखडी भिजत घालायची, निवली की गाळायची, त्यात नीळ टाकायची आणि कुंचल्याने भिंती पांढऱ्या करायच्या. आता दिवाळीचं निमित्त होऊन घर काढलं की ते रंगावर थांबत नाही. बाथरूम गळतंय, ओटा बदलायचाय, वायरिंग तीस वर्षांपूर्वीचं आहे, हॉलला पीओपी करून घ्यायचंय. मग एकेक करून माणसं येऊ लागतात. प्लंबर बहुधा ओडिशाचा निघतो. केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडई भागातून पिढ्यान्‌पिढ्या प्लंबर देशभर जात आले आहेत, तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. फर्निचरचे सुतार राजस्थानातले, पीओपीवाले अनेकदा पश्चिम बंगालचे. फोडकाम करायला आणि राडारोडा खाली उतरवायला येणारी जोडपी मराठवाड्यातली, नाहीतर कलबुर्गी-विजयपूरकडची. ज्या दारातून नातेवाइकांनाही फोन केल्याशिवाय आपण आत घेत नाही, त्या दारातून महिना-दीड महिना ही माणसं रोज आत-बाहेर करतात. आपल्या न्हाणीघरापासून देवघरापर्यंत कुठेही त्यांना जावं लागतं.

आल्यावर पहिल्या दिवशी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पाणी कुठून घेऊ? तो कालवायच्या पाण्याबद्दल असतो. प्यायच्या पाण्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही, आणि संडासबद्दल तर नाहीच. या दोन न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं घरमालकाने आपण होऊन द्यायची असतात, या लेखाचं म्हणणं बरंचसं एवढंच आहे.

दुरुस्तीला काढलेलं घर तेवढ्या दिवसांपुरतं दुसऱ्या कोणाचं तरी कामाचं ठिकाण होतं. कारखान्यात प्यायचं पाणी, संडास, उजेड, जेवायला टेकण्याची जागा यांची जबाबदारी कारखानदारावर असते. घरात ती कोणावर? ठेकेदार म्हणतो जागा मालकाची, मालक म्हणतो माणसं ठेकेदाराची. कायद्याकडे पाहावं तर त्याने या दारापर्यंत येऊन पाऊल मागे घेतलं आहे. इमारत आणि इतर बांधकाम कामगारांसाठी देशात १९९६ साली कायदा झाला. पाणी, मुतारी-संडास, पाळणाघर, प्रथमोपचार अशा सोयी त्याने बांधकामांवर बंधनकारक केल्या आणि बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसवून कल्याण मंडळांसाठी पैसा उभा केला. पण हा कायदा दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि स्वतःला राहण्यासाठी चाललेलं दहा लाखांच्या आतलं काम त्याने वगळलं होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली गेली. आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधलं काम, एका वेळी चार-पाच माणसं, खर्च काही लाख. कायद्याच्या हिशेबी इथे बांधकाम चाललेलंच नाही.

याचा परिणाम पाण्याच्या पेल्यापुरता राहत नाही. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ आहे. त्यात नोंदणीसाठी वय अठरा ते साठ लागतं आणि मागच्या बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. मोठ्या इमारतीच्या साइटवर सहा महिने काढणाऱ्याला तो दाखला मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. इथे पाच दिवस, तिथे आठ दिवस, मध्ये नाक्यावर उभं राहून गेलेले रिकामे दिवस, अशी ज्याची वर्षं जातात त्याने कोणाची सही आणायची? एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, राज्य सरकारने बांधकाम कामगारांना दोन हजार रुपयांची मदत जाहीर केली. ती नोंदणी असलेल्यांसाठी होती. घरकामांवर आयुष्य काढलेले कित्येक गवंडी आणि बिगारी त्या यादीत कसे असणार? म्हणून काम ठरवताना ठेकेदाराला दरासोबत हेही विचारावं, की तुमच्या माणसांची मंडळात नोंदणी आहे का, आणि नसेल तर नव्वद दिवसांच्या दाखल्यावर तुम्ही सही देता का. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न ठेकेदार विसरत नाही.

गावाकडे घर बांधताना ही जबाबदारी कोणी शिकवावी लागत नसे, कारण रीतच तशी होती. चौकट बसवायच्या दिवशी हळदकुंकू, नारळ आणि मिस्त्रीला टॉवेल-टोपी. स्लॅबच्या दिवशी सगळ्या माणसांना जेवण. या जेवणामागे कामाचं गणितही होतं. काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की मध्ये थांबता येत नाही, अर्धवट सुकलेल्या थरावर नवा थर पडला तर सांधा कच्चा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं. त्यामुळे सगळे जण पहाटेपासून शेवटचं घमेलं रिकामं होईपर्यंत तिथेच असत, आणि त्यांना तिथेच जेवू घालणं भाग असे. मालक स्वतः वाढायला उभा राहायचा. रीत सगळ्या बाबतींत चांगलीच होती असं नाही, पंगतीत कोण कुठे बसणार हेही ती ठरवून टाकायची. पण काम करणारा माणूस आपल्या दारी जेवतो, हे त्यात गृहीत होतं. फ्लॅटच्या दुरुस्तीत ना चौकटीचा दिवस येतो, ना स्लॅबचा. काम तुकड्या-तुकड्यांनी होतं, मध्ये ठेकेदार असतो, आणि मालक-मालकीण सकाळी किल्ली देऊन ऑफिसला जातात. जुनी रीत गेली, तिच्या जागी नवी अजून पडलेली नाही.

ती पाण्यापासून सुरू व्हावी. महाराष्ट्राला पाण्याची गोष्ट वेगळी सांगायची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारो माणसांनी ओंजळीत घेतलं. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. आणि आजही सुशिक्षित घरांत कामाच्या माणसांसाठी वेगळा कप असतो. कान तुटलेला, टवका उडालेला, ओट्याखाली किंवा बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलेला. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘स्वच्छतेसाठी.’ हात सिमेंटचे आहेत हे खरं आहे, पण कप विसळायला साबण सगळ्यांचा एकच लागतो. मला हा वेगळा कप मुळीच क्षम्य वाटत नाही. ज्याने आपल्या स्वयंपाकघराची फरशी गुडघ्यावर बसून एकेक करून जुळवली, त्याने त्याच स्वयंपाकघरातल्या पेल्यातून पाणी प्यायलं तर त्या घराचं काय बिघडतं?

व्यवहार म्हणाल तर अगदी सोपा आहे. कामाच्या खोलीच्या तोंडाशी, धूळ उडणार नाही अशा जागी झाकणाचा माठ किंवा पिंप, त्यावर ओगराळं, शेजारी रोजच्या वापरातले पेले. सकाळी भरायचं आणि दुपारी पुन्हा पाहायचं. मालक दिवसभर बाहेर असतील तर हे आदल्या रात्री करून ठेवायचं, किंवा शेजाऱ्यांना सांगून ठेवायचं. चहा द्यावाच, अकराला आणि चारला, पण चहाने पाहुणचार पुरा झाला असं मानू नये. चहा आपल्याला हवा तेव्हा आपण देतो. पाणी त्यांना हवं तेव्हा, न मागता मिळायला हवं.

संडासचा प्रश्न याहून अवघड, म्हणून तो सगळेच टाळतात. सोसायटीत खाली वॉचमनसाठी एक संडास असतो, त्याला बहुधा कुलूप असतं. फ्लॅटमधलं बाथरूम फोडलेलं असेल तर घरच्यांचीच पंचाईत झालेली असते, तिथे कामाच्या माणसांचा विचार कोण करणार? मग पुरुष कुठे तरी आडोसा शोधतात. बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. राडारोड्याची घमेली डोक्यावरून वाहणारी बाई सात-आठ तास पाणी टाळते, याचं कारण आपण न सांगितलेलं एक वाक्य असतं. ‘हा संडास तुम्ही वापरा, साबण इथे आहे.’ पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, स्पष्ट सांगायचं. घरात दोन संडास असतील तर दोन्ही एकदम फोडायला काढू नयेत, एक पुरा झाल्यावर दुसरा घ्यावा. काम चार दिवस लांबेल, पण घरच्यांची आणि कामगारांची दोघांचीही सोय राहील. एकच असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटून खालच्या संडासची किल्ली मागावी. ही मागणी घरमालकाने करायची असते, बिगाऱ्याने केली तर वॉचमन त्याला हुसकून लावतो.

गटाराच्या कामात तर कायदाही मालकाला सोडत नाही. बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये सेप्टिक टँक तुंबला की ‘उतरेल कोणी तरी’ म्हणून माणूस शोधला जातो. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो उतरवणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. टाकीतला वायू दिसत नाही, काही श्वासांत माणूस पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. टँकर बोलवायचा. माणूस उतरवायचा नाही.

आता धुळीकडे वळू. घरकामातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे, आणि तो घरमालकाच्या हातात पुष्कळसा असतो. ग्राइंडरला पाती लावून लादी, ग्रॅनाइट किंवा काँक्रीट कोरडं कापलं की पांढरा लोट उठतो. त्यातली दिसणारी धूळ खाली बसते, न दिसणारी हवेत तरंगत राहते आणि फुप्फुसांच्या अगदी तळाशी पोचते. दगडातली स्फटिकरूप सिलिका तिथे जाऊन बसली की फुप्फुसाला व्रण पडत जातात. हा सिलिकोसिस. तो मागे फिरत नाही, त्यावर औषध नाही, आणि आपल्याकडे कित्येकदा क्षय समजून वर्षानुवर्षं त्यावर भलताच उपचार होत राहतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ साली कामाच्या ठिकाणच्या सिलिकेला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सगळे दगड मात्र सारखे नाहीत. संगमरवरात सिलिका कमी. ग्रॅनाइटमध्ये ढोबळमानाने चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त. आणि ओट्यासाठी सध्या शोरूममध्ये ‘क्वार्ट्झ’ म्हणून जो चकचकीत कृत्रिम दगड दाखवतात, त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास. हा दगड कापणारे तरुण कामगार आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याचं उत्पादन, विक्री आणि बसवणं यांवर बंदी घातली. आपल्याकडे तो चौरस फुटाच्या दराने विकत मिळतो, आणि सिंकचं भोक पाडायला माणूस आपल्याच बाल्कनीत ग्राइंडर घेऊन बसतो.

उपाय जुना आहे. पाण्याखाली कापायचं. पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ चिखल होऊन खाली पडते. मग कोरडं का कापतात? बहुतेक वेळा कापण्यासाठी जागा आणि पाणी दिलेलं नसतं म्हणून. मालकाला चिखल नको असतो, बाल्कनीची फरशी खराब होईल म्हणून आत खोलीत कापायला सांगितलं जातं, आणि खोलीचं दार लावून घेतलं जातं, म्हणजे धूळ बाकीच्या घरात जाऊ नये. म्हणजे सगळी धूळ कापणाऱ्यापाशीच ठेवायची. त्यापेक्षा बाल्कनीत नाहीतर गच्चीत जाड प्लॅस्टिक अंथरून नळी ओढून द्यावी आणि चिखलासाठी एक पिंप द्यावं. ओट्याचा दगड शक्यतो दुकानातूनच पाण्याच्या मशीनवर भोकांसकट कापून आणवावा. त्यासाठी सिंक आणि शेगडी आधी पसंत करावी लागते, इतकंच. पुट्टीच्या घासकामात पाणी वापरता येत नाही. तिथे चांगले एन-९५ मास्क पेटीभर आणून ठेवावेत, तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, झाडताना आधी पाणी शिंपडावं.

जुन्या इमारतीतल्या दार-खिडक्यांचा ऑइल पेंट घासताना आणखी एक विष उडतं. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांच्या थरांत किती शिसं आहे हे रंगाकडे पाहून कळत नाही. म्हणून ते ओलं करूनच खरवडावं, घरातल्या लहान मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावं. रंगाऱ्यालाही घरी जाण्याआधी हातपाय धुऊन कपडे बदलण्याची जागा द्यावी. त्याच्या घरीही मूल असतं आणि ते बाप आला की धावत येऊन त्याला बिलगतं.

पाणी आलं की विजेचा विचार करावाच लागतो. ओली फरशी, हातात ग्राइंडर, आणि वायरचं तोंड सोलून प्लगच्या भोकात काड्यांनी दाबलेलं. हे दृश्य इतकं रोजचं आहे की कोणाला दचकायला होत नाही. फुप्फुस वाचवायला पाणी द्यायचं आणि त्याच पाण्यात शॉक बसू द्यायचा, असं चालणार नाही. मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरचं ईएलसीबी किंवा आरसीसीबी असेल, तर गळणारा प्रवाह तेवढ्यावर जाताच ते सेकंदाच्या अंशात वीज तोडतं. जुन्या घरांत ते नसतं. तर वायरमन घरात येणारच आहे ना? मग सगळ्यात आधी त्यालाच बोलवावं, हे यंत्र बसवून घ्यावं, अर्थिंग तपासून घ्यावं, आणि बाकीच्यांसाठी सोळा अँपिअरचा एक धड पॉइंट आणि तीन पिनांचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड तयार ठेवावा. तो बोर्ड नंतरही घरातच राहतो.

चपलांबद्दलही सांगायला हवं. मराठी घरात येताना माणूस दाराशी चपला काढतो, आणि हे कामगारही काढतात, आपल्या घराचा मान म्हणून. मग फोडलेल्या लाद्यांच्या धारदार कपच्यांवरून अनवाणी फिरतात. ‘चपला घालूनच काम करा’ हे आपण सांगितलं तरच ते घालतील. सिमेंटचंही तसंच. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, ते कातडी खातं, आणि त्यातल्या क्रोमियममुळे कित्येक गवंड्यांच्या हातांना कायमचा इसब जडतो. मोरीत साबण आणि खोबरेल तेलाची बाटली ठेवली तर संध्याकाळी ती वापरली जाते, आणि ती लवकर संपली म्हणून कुरकुर करू नये.

सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं, पुट्टीचं चाळीस किलोचं. प्लायचा जाड तक्ता आठ फूट बाय चार फूट, जिन्याच्या वळणावर तो उभा करून फिरवावा लागतो. आणि लिफ्टच्या दाराशी पाटी: माल आणि कामगारांसाठी नाही. पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांना संघटित करून अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला, त्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ज्या राज्याने हमालाच्या पाठीचा विचार कायद्यात लिहिला, त्या राज्यातल्या हाउसिंग सोसायट्या सहाव्या मजल्यावर पन्नास किलोचं पोतं जिन्याने चढवायला लावतात. लिफ्ट खराब होते ही तक्रार खोटी नाही. पण त्यावर उपाय आहेत. लिफ्टला आतून प्लायचे तुकडे आणि गोणपाट लावावं, दुपारी गर्दी नसते तेव्हाची वेळ मागून घ्यावी, अनामत रक्कम भरावी. सोसायटीच्या सभेत हे बोलायला उभं राहणं हे घरमालकाचं काम आहे, कारण त्या सभेत बसण्याचा अधिकार फक्त त्यालाच आहे. माल चढवणाऱ्याला नाही.

शेजाऱ्यांचंही तेच. ब्रेकरचा आवाज सुरू झाला की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात आणि समोर दिसेल त्या बिगाऱ्यावर ओरडतात. आधीच घराघरांत जाऊन कामाच्या वेळा आणि आपला फोन नंबर देऊन आलं, दुपारी दोन ते चार फोडकाम बंद राहील असा शब्द दिला आणि पाळला, तर ते बोलणं आपल्यापर्यंत येतं. ते आपणच ऐकून घ्यायचं असतं.

सुतारांची गोष्ट थोडी निराळी. घर रिकामं असेल तर राजस्थानी सुतार रात्रीही तिथेच राहतात. दिवसा हॉलमध्ये रंधा आणि कटर, रात्री त्याच भुशावर सतरंजी, कोपऱ्यात छोटी शेगडी. डाळ, भाजी, जाड पोळ्या. सनमायका चिकटवायच्या सोल्यूशनचा उग्र वास त्या खोल्यांत दिवसभर कोंडलेला असतो आणि ते त्याच हवेत झोपतात. इथे आपण अक्षरशः यजमान असतो. एक खोली भुसा आणि सोल्यूशनपासून मोकळी ठेवावी. तिची खिडकी उघडी राहील, पंखा चालेल, नळाला रात्री पाणी येईल, हे पाहावं. लाकडाचा भुसा, सोल्यूशन आणि पेटती शेगडी एका खोलीत असू नये, हे प्रेमाने पण ठामपणे सांगावं आणि शेगडीसाठी स्वयंपाकघराचा ओटा मोकळा करून द्यावा. सोसायटीला त्यांची नावं, फोटो, आधारकार्डाच्या प्रती आधीच देऊन पास करून घ्यावेत, म्हणजे रात्री दूध आणायला खाली उतरलेल्या माणसाला फाटकावर चोरासारखं थांबवलं जाणार नाही. दागिने, रोकड, कागदपत्रं घरातून हलवून ठेवावीत. त्यात अविश्वास नाही. एखादी अंगठी सापडेनाशी झाली की पहिला संशय कोणावर जातो हे आपल्याला आणि त्यांनाही माहीत आहे, तो प्रसंगच येऊ नये.

त्यांचे सणही माहीत असावेत. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. बंगाल, बिहार, ओडिशाचे कारागीर १७ सप्टेंबरच्या सुमाराला विश्वकर्मा पूजेला हत्यार हाती धरत नाहीत, राजस्थानी सुतारांची विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीला. रमजानमध्ये रोजा धरलेला पीओपीवाला दिवसभर मान वर करून छताला हात लावत असतो, त्याला सकाळी लवकर सुरू करून दुपारी सुटता आलं तर त्याचे हाल कमी होतात. वेळापत्रक करतानाच हे विचारून घेतलं तर नंतर ‘माणसं आलीच नाहीत’ असं म्हणायची वेळ येत नाही.

आणि मग सगळ्यात जास्त ताण ज्यावरून होतो ते. निर्णय आणि पैसे. घरातली तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. आजोबांना कमोड पूर्वेकडे नको, मुलाला भिंतीत लपवलेली टाकी हवी, सुनेला आधीची लादीच बरी वाटते. बिगारी ज्याचं शेवटचं ऐकतो त्याप्रमाणे झिरी मारतो आणि संध्याकाळी मिस्त्रीची बोलणी खातो. सूचना एकाच माणसाने द्यायच्या आणि फक्त मिस्त्रीला द्यायच्या, हे घरात आधी ठरवावं. निर्णय बदलला तर बदलावा, घर आपलंच आहे. पण लावलेली लादी काढायची मजुरी वेगळी द्यावी, न मागता. सुकायला लागणाऱ्या वेळेवर घासाघीस करू नये. गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारावं लागतं, बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगनंतर किमान एक दिवस पाणी तुंबवून खालच्या घरात ओल येते का ते पाहावं लागतं. पावसाळ्याची ओल धरलेल्या भिंतीवर दिवाळीसाठी घाईने रंग चढवला तर तो होळीपर्यंत फुगतो. नाव मात्र रंगाऱ्याचं खराब होतं.

मापं दोघांनी मिळून घ्यावीत, टेपचं एक टोक आपण धरून. भांडणं बहुतेक खिडकी-दारांच्या वजावटीवरून होतात. आयएस १२०० या भारतीय मानकात गिलाव्यासाठी याचे नियम ठरलेले आहेत, अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा झरोका वजा करतच नाहीत, कारण तिथे कडा फिरवायला जास्त मेहनत लागते. हा हिशेब कामाआधी बोलून कागदावर लिहिला तर शेवटी आवाज चढत नाहीत. ठेकेदाराला टप्प्याटप्प्याने पैसे द्यावेत आणि त्याच्या माणसांना आठवड्याची मजुरी मिळाली का हे अधूनमधून त्यांनाच विचारावं. नाक्यावरून आणलेल्या माणसाचे पैसे त्याच संध्याकाळी, रोख. सुट्टे नाहीत, उद्या या, असं त्याला सांगू नये. उद्या तो दुसऱ्या नाक्यावर उभा असेल, आणि आज रात्रीचं धान्य त्याला आजच घ्यायचं आहे.

शेवटचा हिशेब त्यांच्या गाडीच्या किमान दोन दिवस आधी करावा. मिस्त्रीला सोबत घेऊन खोली-खोलीतून फिरावं, राहिलेली किरकोळ कामं एका कागदावर लिहावीत: कुठे ग्राउट सुटलंय, कोणता बिजागर कुरकुरतोय, कोणत्या बटणाखाली रंगाचा ओघळ आहे. सगळं एकदाच सांगावं. ती झाली की पुरे पैसे द्यावेत. पुढच्या पावसासाठी काही रक्कम मागे ठेवायची असेल तर ती पहिल्या दिवशीच ठरलेली असावी, जाताना अचानक कापू नये. फराळाचा डबा द्यायचा असेल तर बिगाऱ्यालाही वेगळा द्यावा, मिस्त्रीच्या डब्यातलं त्याच्यापर्यंत पोचेल असं धरून चालू नये. आणि दिवाळीत घरी आलेल्या पाहुण्यांनी लादीचं काम चांगलं झालंय म्हटलं, की लादीच्या कंपनीचं नाव सांगण्याआधी ती लावणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर सांगावा. त्याला पुढचं काम बहुतेक वेळा याच वाटेने मिळतं.